व्यायाम सुरू करताय? मग अंगातली हार्मोन्स काय करतात ते आधी समजून घ्या (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नवख्यांसाठी)

शुगर बॉर्डरला आली, थायरॉईड निघालं, वजन वाढलं, की डॉक्टर एकच वाक्य सांगतात, "रोज चालत जावा." बस्स. किती चालायचं, कधी चालायचं, गोळी आधी की नंतर, चालून आल्यावर शुगर उलट वाढलेली का दिसते, हे सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो, बाहेर लाईन लागलेली असते. मग माणूस व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चार दिवस फिरतो, मीटरवर काहीतरी उलटंच दिसतं, आणि पाचव्या दिवशी "मला सूट होत नाही" म्हणून घरात बसतो. मी स्वतः शुगरचा पेशंट आहे, घरात थायरॉईड आहे, पुतण्या भरतीची तयारी करतोय, त्यामुळं ह्या सगळ्यातनं आम्ही गेलोय. जे कळलं ते क्रमानं लिहितो.

एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात ठेवा. व्यायामाचा हार्मोनवर परिणाम होतो तो चालताना एक असतो, संपल्यावर तासाभरानं दुसरा असतो आणि दुसऱ्या दिवशी तिसराच असतो. निम्मा गोंधळ ह्याच्यामुळंच होतो, कारण लोक एकच आकडा बघून निकाल लावतात.

१. आधी कागद आणि सामान जमवा

डॉक्टरकडं जाताना:
- मागच्या वर्षभरातले रिपोर्ट (एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, उपाशीपोटी शुगर, थायरॉईडचं टीएसएच, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, ईसीजी असेल तर तोही)
- चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं. नुसतं "पांढरी गोळी, सकाळची" सांगून कुणालाच काही कळत नाही. पाकिटावरचं नाव कन्नड बोलणाऱ्या नर्सला पण वाचता येतं आणि मराठी डॉक्टरला पण.
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मानचं कार्ड असेल तर ते

पैशाची अडचण असेल तर गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावा, तिथं ३० वर्षांवरच्या लोकांची बीपी आणि शुगर फुकटात तपासतात. लोकांना हे माहीतच नसतं, सरळ खाजगी लॅबमध्ये जातात.

घरी ठेवायचं सामान: ग्लुकोमीटर, पट्ट्या (डबीवरची एक्स्पायरी बघूनच घ्या), ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या पुड्या, शंभर पानी वही, आणि नीट बसणारे बूट. शुगरवाल्यांनी चप्पल घालून चालू नये, पायाला लागलेलं कळत नाही.

आणि मीटर वापरायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. गूळ, ऊस, केळं हाताळून तसंच बोट टोचलं तर आकडा खोटा वाढलेला येतो. गुऱ्हाळाच्या दिवसांत हे हमखास होतं.

२. रक्त द्यायच्या दिवशी व्यायाम करू नका

लोक काय करतात, पहाटे उठून तासभर फिरतात, घामाघूम होऊन तसेच लॅबमध्ये जातात, "सगळं एकदम उरकून टाकू" म्हणून. जोराच्या व्यायामानं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दुधाचं), ग्रोथ हार्मोन (वाढीचं) हे सगळे थोडा वेळ वर जातात. स्नायूंचं सीपीके नावाचं एन्झाईम तर जड व्यायामानंतर दोन-चार दिवस वाढलेलं राहू शकतं. रिपोर्टवर लाल खूण दिसली की घाबरून पुढच्या तपासण्यांचा खर्च सुरू.

म्हणून हार्मोनची टेस्ट असेल तर आदल्या दिवशी जड व्यायाम नको आणि त्या सकाळी तर नकोच. कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सकाळीच तपासतात कारण ते सकाळी जास्त असतात, दुपारी दिलेल्या रक्ताचा आकडा सकाळच्या आकड्याशी लावून बघू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर तेही लॅबला सांगा, थायरॉईडचा रिपोर्ट त्यानं चुकू शकतो.

३. पहिली दहा मिनिटं हळू, कारण ॲड्रिनलिन

चालायला लागलात की मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, नसांच्या टोकांतून नॉरॲड्रिनलिन येतं. हृदय जोरात चालतं, श्वासनळ्या मोकळ्या होतात, यकृतात साठवलेली साखर रक्तात यायला लागते, चरबी सुटायला लागते. जितका जोर जास्त तितकं ॲड्रिनलिन जास्त, आणि ते सरळ रेषेत वाढत नाही, एका हद्दीनंतर एकदम उसळतं.

म्हणून राजहंसगडाचा चढ पहिल्याच आठवड्यात जोरात चढायला जाऊ नका, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल, बीपी असेल, घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर. आधी सपाटीवर, किल्ल्याजवळच्या तलावाच्या बाजूनं किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर.

जोर किती लावायचा ह्याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे बोलून बघा. चालताना शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांतच धाप लागते तर तो जोराचा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला हीच पद्धत बरी वाटते, आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांना तर नाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवताच येत नाही, ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही.

४. इन्सुलिन: हा भाग सावकाश वाचा

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, इन्सुलिन स्नायूंच्या पेशींचं दार उघडतं, साखर आत जाते. टाईप २ मधुमेहात, म्हणजे मोठ्या वयात सहसा होतो त्या शुगरमध्ये, अडचण ही की इन्सुलिन असतं पण दार नीट उघडत नाही. आता व्यायामाची खरी गंमत इथं आहे. स्नायू आकुंचन पावायला लागला की तो इन्सुलिनची वाट न बघता मागचं दार स्वतः उघडतो. साखर आत घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या आतनं पृष्ठभागावर येतात आणि साखर ओढून घेतात. हे काम शुगरवाल्या माणसाच्या स्नायूतही चालू राहतं, म्हणून तर शुगरवर चालणं औषधासारखं लागू पडतं.

व्यायाम चालू असताना इन्सुलिन स्वतः कमी होतं आणि त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे हार्मोन वाढतं, म्हणजे यकृतानं साखर सोडत राहावी आणि मेंदूला कमी पडू नये. व्यायाम थांबल्यावर स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरायला लागतात, आणि पुढं साधारण एक ते दोन दिवस तेच इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत सापडलं, आणि १९२६ मध्येच लॉरेन्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं, ते स्वतः मधुमेही होते, लिहून ठेवलं की व्यायाम केल्यावर इन्सुलिनचा परिणाम वाढतो. एवढी जुनी गोष्ट आहे, तरी आपल्यापर्यंत ती पोचतच नाही.

ह्यावरनं तीन नियम निघतात.

पहिला, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी तीन तास ट्रेक आणि बाकी आठवडा खुर्चीत, ह्यापेक्षा आठवड्यातनं पाच दिवस अर्धा-अर्धा तास कधीही चांगलं. आठवड्याचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं दिलंय, आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम.

दुसरा, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. रात्री भात-आमटी खाऊन टीव्हीपुढं बसायच्या जागी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतरची उसळी कमी होते. ज्यांना सकाळी वेळ मिळत नाही, उद्यमबागला शिफ्ट असते किंवा वडगाव-शहापूरला मागावर उभं राहायचं असतं, त्यांनी निदान हे तरी कराच.

तिसरा, स्नायू वाढवा. साखरेचं गिऱ्हाईक स्नायूच आहे. बैठका, जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, काहीही चालेल. जुलैमध्ये खानापूर, जांबोटीकडं पाऊस लागला की दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही, तेव्हा घरातच खुर्चीवरनं उठबस आणि सूर्यनमस्कार. पावसाचं कारण सांगून जून ते सप्टेंबर बंद ठेवलं तर कमावलेलं सगळं जातं.

आता तो उलटा आकडा. माझ्या वहीतलं एक पान सांगतो: घाटाचा चढ जोरात चढायच्या आधी १३२, वर पोचल्यावर १६८, घरी येऊन तासाभरानं ११८. मधला आकडा बघून लोक घाबरतात. तो ॲड्रिनलिनचा आकडा आहे, यकृतानं स्नायूंच्या गरजेपेक्षा जास्त साखर सोडली म्हणून. सावकाश चाललात तर असं सहसा होत नाही. त्यामुळं व्यायाम संपल्या-संपल्या मोजून निकाल लावू नका, तासाभरानं परत मोजा.

तसंच काही न खाता सकाळची शुगर रात्रीपेक्षा जास्त का येते, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढलेले असतात, ते यकृताला साखर सोडायला लावतात. रात्री चोरून काही खाल्लं म्हणून घरच्यांनी म्हाताऱ्या माणसाला बोलू नये.

५. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे वगळू नका

शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी एकटीच असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती फार कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या) किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असेल तर हिशेब वेगळा, कारण व्यायामानं अंगातलं इन्सुलिन आपोआप कमी व्हायला पाहिजे ते बाहेरनं दिलेलं असलं किंवा गोळीनं सोडायला लावलेलं असलं की कमी होत नाही.

- निघायच्या आधी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा, एखादं केळं किंवा दोन बिस्किटं.
- २५० च्या वर आहे आणि अंगात बरं नाही, उलटीसारखं होतंय, लघवीत किटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आहेत, तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन.
- चालताना हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर थांबा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातनं घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. मीटर जवळ नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्या.
- मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड फारशी जाणवणार नाही, घाम मात्र येईल. तेवढ्यावर ओळखायचं.
- मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच पळायला जाऊ नका, ते लवकर रक्तात उतरतं. त्या दिवशी इंजेक्शन पोटावर टोचून घ्या.
- संध्याकाळी जोराचा व्यायाम झाला असेल तर शुगर रात्री झोपेत पडू शकते. झोपताना एकदा मोजा.

नवरात्रात दुर्गामाता दौड असते, पहाटे अख्खं बेळगाव रस्त्यावर असतं, त्यात किती तरी जणांचा नऊ दिवसांचा उपवास असतो. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी पण जातो. पण ग्लिमेपिराइडची गोळी खाऊन, पोटात काही नसताना पळू नका. नवरात्राच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि डोस बदलून घ्या, खिशात साखर ठेवा आणि सोबतच्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. गोळी मनानं बंद पण करू नका.

६. कॉर्टिसॉल आणि झोप

कॉर्टिसॉलला मोबाईलवर सगळे व्हिलन करून ठेवलंय. तसं नाही. कॉर्टिसॉल नसलं तर माणूस अंथरुणातनं उठणार नाही. जोराच्या आणि लांबलेल्या व्यायामात ते वाढतं, ते वाढायलाच पाहिजे, आणि नंतर खाली येतं. सावकाश चालण्यानं तर ते वाढत पण नाही. भानगड होते ती रोज जोर लावून, अर्धपोटी राहून आणि पाच तास झोपून. मग सकाळची नाडी नेहमीपेक्षा जास्त, चिडचिड, सर्दी-खोकला सारखा, पळायची वेळ सुधारायच्या जागी बिघडते. ही लक्षणं दिसली की व्यायाम वाढवायचा नाही, आठवडाभर निम्मा करायचा आणि झोपायचं. ग्रोथ हार्मोनचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतच सुटतो, रात्री एकपर्यंत रील बघून पहाटे चारला ग्राउंडवर जाणाऱ्या पोरांनी हे ऐकावं.

७. तालमीतल्या आणि भरतीच्या पोरांसाठी

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, गावोगावी पोरं १६०० मीटरची तयारी करतात, तालमीत जोर-बैठका चालू असतात. ह्या पोरांना हेरून "टेस्टोस्टेरॉन वाढवतो", "रिकव्हरीचं इंजेक्शन" असं म्हणून काही पण विकणारे फिरत असतात. माझा पुतण्या पण हा प्रश्न घेऊन आला होता.

बघा, जड बैठका मारल्यावर टेस्टोस्टेरॉन आणि ग्रोथ हार्मोन वाढतात हे खरं, पण तासाभरात परत जागेवर येतात. स्नायू वाढतो तो त्या उसळीमुळं नाही. स्नायूवर पडलेला ताण, पोटात गेलेली प्रथिनं आणि झोप ह्यांनी तो वाढतो. दूध, अंडी, हरभरे, डाळ, शेंगदाणे हा खुराक पुरतो.

बाहेरनं टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं अंगात भरपूर आहे, ती वृषणांना सूचना द्यायची थांबते. वृषणं लहान होतात, शुक्राणू घटतात, इंजेक्शन बंद केल्यावर स्वतःचं परत सुरू व्हायला महिनोन्महिने लागतात. शिवाय रक्त घट्ट होतं, कोलेस्टेरॉल बिघडतं. वीस वर्षांच्या पोराच्या अंगात निसर्गानं भरपूर दिलेलं असतं, ते बंद पाडायला पैसे का घालायचे. तालमीतल्या वस्तादांनी हे पोरांना बसवून सांगावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

८. बायकांसाठी

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी निदान अर्धा तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यापासून चार तास लांब. गोळी घेऊन फिरायला जायचं, परत येऊन चहा, हा क्रम आमच्या घरात मस्त बसलाय. पण चालून थायरॉईड बरं होतं आणि गोळी सुटते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्यायामानं थकवा, वजन, मन ह्यात फरक पडतो, ग्रंथीनं न बनवलेलं हार्मोन गोळीतनंच येतं.

पीसीओएस (पाळी अनियमित होणारा अंडाशयाचा त्रास) असलेल्या मुलींमध्ये बऱ्याचदा मुळाशी इन्सुलिनचाच गोंधळ असतो, अंगात इन्सुलिन जास्त राहिलं की अंडाशय जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन्स, बनवतात. त्यामुळं वर चौथ्या मुद्द्यात लिहिलेलं सगळं त्यांना लागू, वजन फार उतरलं नाही तरी फायदा होतो.

उलट बाजू पण आहे. पळणाऱ्या, कबड्डी-खो खो खेळणाऱ्या मुली खूप सराव करतात आणि खातात कमी, मग मेंदू पाळीची हार्मोन्सच बंद करतो. तीन महिने पाळी आली नाही तर "खेळामुळं होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरला दाखवा आणि आधी ताटातलं वाढवा. पाळी गेलेल्या बायकांनी पण नुसतं चालण्यावर भागवू नये, हाडांना वजन लागतं, थोडं उचलायला शिका. वजन उचलून बाईचं अंग पुरुषासारखं होत नाही, तेवढं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या अंगात नसतंच.

९. भूक आणि तहान

जोराच्या व्यायामानंतर घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन थोडा वेळ दबतं, म्हणून पळून आल्यावर लगेच भूक नसते. ती तासाभरानं येते, आणि नेमकी तेव्हा माणूस कॅम्पात नाहीतर टिळकवाडीत पुरीभाजीच्या टेबलावर असतो. अर्धा तास चालून जेवढं जळतं ते दोन पुऱ्या आणि एका वाटी कुंद्यात (आपल्याकडची दुधाची मिठाई) परत येतं. घरनंच मोड आलेले मूग किंवा उकडलेलं अंडं ठरवून ठेवा.

घाम गेला की शरीर व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढवून पाणी आणि मीठ धरून ठेवतं, लघवी कमी आणि पिवळी होते. एप्रिल-मे मध्ये चिकोडी, गोकाककडं उन्हात शेतातलं काम करून वर व्यायाम करणाऱ्यांनी पाणी वाढवावं. तासाभराच्या आतल्या चालण्याला साधं पाणी पुरतं, रंगीत बाटल्यांची गरज नाही.

१०. पहिला महिना असा काढा

पहिला आठवडा: रोज १५ मिनिटं सपाटीवर, बोलता येईल इतकंच. दुसरा: २० ते २५ मिनिटं, रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं वेगळी. तिसरा: अर्धा तास, आणि दोन दिवस खुर्चीवरनं उठबस, भिंतीला हात टेकून जोर. चौथा: तेच, मधनं मधनं एक-दोन मिनिटं झपाझप. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि तडक दवाखाना गाठा.

वहीत रोज एकच ओळ: तारीख, आधीची शुगर, नंतर तासाभरानं, किती मिनिटं, काल झोप किती. पट्ट्या महाग पडतात म्हणून रोज मोजायला जमत नसेल तर आठवड्यातनं दोन दिवस मोजा, पण त्या दोन दिवशी आधी आणि नंतर दोन्ही मोजा. (इन्सुलिन, ग्लिमेपिराइडवाल्यांना ही सूट नाही.) एचबीए१सी तीन महिन्यांनीच करा, तो साधारण तेवढ्या काळाची सरासरी दाखवतो, महिन्यात परत करून पैसे घालवू नका.

तीन महिन्यांनी ती वही आणि नवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जावा आणि सरळ विचारा, "चालणं चालू आहे, हे आकडे असे आहेत, गोळीचा डोस बदलायला लागेल का?" बऱ्याच जणांचा कमी होतो. तो कमी करायचा की नाही हे मात्र त्यांनाच ठरवू दे.